अनुदान आणि वाट चुकलेली मुले

नाशिकच्या इंदिरानगरातून महामार्गाखालच्या बोगद्याने पलीकडे गेले आणि गोविंदनगर मागे टाकले, की थोड्याच वेळात उंटवाडीचा रस्ता लागतो. ह्या उंटवाडीस मुलांचे निरीक्षणगृह आहे. कायद्याने त्याला हे नाव देऊन पुष्कळ वर्षे लोटली; तथापि रिक्षावाल्यास ते नाव सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो, आणि 'रिमांड होम' असे म्हटले की लगेच मान डोलावतो. मराठी घराघरांतून हाच शब्द द्वाड मुलांस धाक घालण्यासाठी आजवर वापरला गेला आहे. त्या भिंतींच्या आत राहणारी मुले कोणाची, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. त्यांच्या दोन वेळच्या अन्नाचे, त्यांच्या अंथरूण-पांघरुणाचे आणि त्यांना शिकविणाऱ्या माणसाच्या पगाराचे पैसे कोठून येतात व ते कोणत्या हिशेबाने येतात, हा विचार तर बहुधा कोणीच करीत नाही.

हा प्रश्न रुक्ष वाटण्याचा संभव आहे. दया, सुधारणा, न्याय हे शब्द मोठे. अनुदान हा शब्द कचेरीतला. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला असता असे दिसते, की वाट चुकलेल्या मुलाचे पुढे काय व्हावयाचे हे कायद्याच्या कलमांनी जेवढे ठरविले, तेवढेच ते पैसा मोजण्याच्या मापानेही ठरविले. कलमे वेळोवेळी बदलली आणि बहुतेक वेळा ती चांगल्याकडे बदलली. माप मात्र फारसे बदलले नाही. त्या मापाची ही हकीकत आहे.

आरंभी अनुदानाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण मुलांसाठी वेगळी व्यवस्था नव्हती. चोरी करताना सापडलेला बारा वर्षांचा मुलगा आणि मुरलेला दरोडेखोर ह्यांना एकाच तुरुंगाचे दार उघडे असे. १८५० साली कंपनी सरकारने उमेदवारांविषयीचा एक कायदा केला. पोरक्या व गरीब मुलांस, तसेच किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांस, एखाद्या कारागिराच्या हाताखाली करारबद्ध करून धंदा शिकवावा, अशी त्यात योजना होती. ह्या कायद्यात सरकारास खर्च जवळजवळ नव्हता. भार कारागिरावर आणि मोबदला मुलाच्या श्रमात. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नव्हे असे ठरविले, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता होती की नाही हे पाहण्यास न्यायाधीशास सांगितले. हे मोठेच पाऊल होते. पण लगेच १८६४ साली फटक्यांचा कायदा आला आणि अल्पवयीन गुन्हेगारास तुरुंगाऐवजी वेताचे फटके देण्याची मोकळीक मिळाली. फटक्यास ना इमारत लागते, ना शिक्षक, ना वर्षभराचे धान्य. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने इतकी स्वस्त शिक्षा दुसरी नव्हती, आणि ती आपल्या देशातून कायद्याने नाहीशी व्हावयास १९५५ साल उजाडावे लागले. बालन्यायाच्या इतिहासात स्वस्त उपायाचा मोह किती टिकाऊ असतो, ह्याचे हे पहिले उदाहरण होय.

दुसरा मार्ग ह्याच सुमारास मुंबईत दिसू लागला होता. बगदादहून आलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून ह्यांचे नाव पुण्याच्या रुग्णालयामुळे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याच नावाने १८५७ साली मुंबईत एक औद्योगिक व सुधारक शाळा निघाली. रस्त्यावर सापडलेल्या आणि लहानसहान गुन्हे केलेल्या मुलांस हातचे काम शिकवून पोटाला लावावे, हा तिचा हेतू. ही शाळा आज माहीमला आहे. पुढे १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर ह्या न्यायाधीशांच्या पुढाकाराने अनाथ बालकांचा आश्रम सुरू झाला आणि प्रार्थनासमाजाने तो चालविला. धनिकाचे दान आणि सुधारकाची तळमळ ह्या दोन झऱ्यांवर अशा संस्था जगत होत्या. झरे गोड होते खरे. परंतु ते बारमाही नव्हते. देणारा मनुष्य निवर्तला किंवा चालविणारा थकला की मुलांच्या ताटावर त्याची छाया पडावयाची.

सरकारी अनुदानाची कल्पना ह्या अडचणीतून पुढे आली, आणि तिचे एक साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८५४ ह्या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. सर चार्ल्स वुड ह्यांच्या खलित्याने हिंदुस्थानातील खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याचे तत्त्व घातले. आपल्या मराठी मध्यमवर्गाच्या तीन-चार पिढ्या ज्या 'अनुदानित' शाळांतून शिकल्या त्यांचे मूळ येथे आहे. त्याच वर्षी इंग्लंडात बालगुन्हेगारांविषयी कायदा होऊन खाजगी सुधारशाळांस सरकारने तपासून मान्यता द्यावी आणि तेथे ठेवलेल्या मुलांच्या खर्चास सरकारी खजिन्यातून मदत करावी असे ठरले. संस्था समाजाची, तपासणी सरकारची आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, असा हा तिहेरी संसार होता. त्यात एक कडवट अटही होती: मुलाने आधी चौदा दिवस तुरुंगात काढावे आणि मग सुधारशाळेत जावे. शिक्षेवाचून सुधारणा म्हणजे लाड, ही समजूत त्या काळच्या पुढाऱ्यांसही सोडवली नव्हती.

ह्या कायद्यासाठी झटलेल्या ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर ह्यांचा आपल्या देशाशी जुना ऋणानुबंध होता. राजा राममोहन राय ह्यांचे देहावसान १८३३ साली ब्रिस्टल येथेच झाले आणि त्यांच्या सहवासाचा ठसा तरुण मेरीच्या मनावर उमटला होता. १८६६ साली त्या हिंदुस्थानात आल्या, मुंबईसही आल्या. स्त्रीशिक्षणाबरोबर त्यांनी येथील तुरुंग पाहिले आणि मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याचा आग्रह सरकारजवळ धरला. चार वेळा त्या ह्या देशात येऊन गेल्या. १८७६ साली सुधारशाळांचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला, आणि १८९७ साली तो अधिक व्यवस्थित स्वरूपात पुन्हा करण्यात आला. ह्या दुसऱ्या कायद्यान्वये पंधरा वर्षांखालील मुलास तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई. मात्र तो फक्त मुलग्यांसाठी होता; मुलींचा त्यात विचारच नव्हता. शिवाय सुधारशाळेत जावयाचे तर आधी गुन्हा शाबीत व्हावयास हवा. उपाशी हिंडणाऱ्या मुलाने काही चोरले म्हणजे कायदा त्याच्याकडे पाहणार, तोपर्यंत नाही.

ही उणीव भरून काढण्यास आणखी सत्तावीस वर्षे लागली. सर अलेक्झांडर कार्ड्यू ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९१९-२० साली जी तुरुंगसमिती बसली, तिने मुलांस तुरुंगात पाठवू नये, त्यांची चौकशी वेगळ्या न्यायालयात व्हावी आणि चौकशीच्या काळातही त्यांस वेगळ्या गृहात ठेवावे, अशी शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये आपापले बालक-कायदे केले. मुंबईच्या कायद्याची दृष्टी विशाल होती. गुन्हा केलेल्या मुलाबरोबरच निराधार, भीक मागणाऱ्या आणि छळास बळी पडलेल्या मुलालाही त्याने आपल्या छायेखाली घेतले. मुलास पालकांच्या हवाली करावे, 'योग्य व्यक्ती'च्या स्वाधीन करावे, देखरेखीखाली मोकळे ठेवावे, अथवा सरकारमान्य शाळेत पाठवावे, असे अनेक मार्ग न्यायालयास खुले ठेवले. बंद दाराची शाळा हा त्यांतला एक मार्ग होता. एकमेव मार्ग नव्हे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी कहाणी तिच्याभोवती फिरते.

कायदा कागदावरून रस्त्यावर आणण्यासाठी १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. सरकारने पुढाकार घ्यावा, नागरिकांनी कारभार पाहावा आणि सरकारी अनुदान व लोकांच्या देणग्या ह्यांवर काम चालावे, असा तो बेत होता. तिचे गृह डोंगरीस उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात थाटण्यात आले. मराठी वाचकास ही जागा परकी नाही. कोल्हापूर प्रकरणी झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर ह्यांनी ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि ज्याची हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिली, तोच हा तुरुंग. ज्या दोघा तरुण शिक्षकांनी दोनच वर्षांपूर्वी सरकारी मदतीवाचून न्यू इंग्लिश स्कूल चालविण्याची जिद्द धरली होती, त्यांच्या कोठड्यांच्या जागी पुढे सरकारी मदतीवर मुलांचे गृह उभे राहिले. पुढे त्यांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनेही अनुदान स्वीकारले. अनुदान घेण्यात हीनपणा आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच असतो, की पैसा घेतल्यावर संस्था कोणाच्या कलाने चालते: मुलाच्या, की पैसा देणाराच्या हिशेबवहीच्या?

त्या पहिल्या दशकात मुंबईच्या ह्या प्रयोगात खरोखर प्राण होता. बालन्यायालयात न्यायाधीशासमवेत मानद स्त्री-दंडाधिकारी बसू लागल्या; मुलाच्या घरी जाऊन त्याची परिस्थिती पाहून येणारे अधिकारी नेमले गेले. १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजसेवेचे उच्च शिक्षण देणारी संस्था मुंबईत निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट ह्यांचा बालगुन्हेगारीवरील ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. दया ही केवळ भावना नसून ती शिकावयाची विद्या आहे, हा विचार येथे रुजला. दरम्यान १९२९ साली सोळा ते एकवीस वर्षांच्या तरुणांसाठी बोर्स्टल शाळांचा कायदा झाला आणि धारवाडास तशी शाळा चालली. त्याच परंपरेतले किशोर सुधारालय कारागृह विभागाने पुढे आपल्या नाशिकात चालविले. १९३७ साली बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ आले, कन्हैयालाल मुनशी गृहमंत्री झाले, आणि १९३८ साली मुंबई इलाख्यात परिविक्षेचा कायदा झाला. गुन्हा शाबीत झाला तरी मनुष्यास तुरुंगात न धाडता त्याच्याच घरी, त्याच्याच गावी, एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवावे, हे त्याचे तत्त्व. ह्या मंत्रिमंडळातील मुनशींसारख्या कित्येकांनी स्वतः तुरुंग भोगला होता. तुरुंगात मनुष्य सुधारतो की बिघडतो हे त्यांस अहवाल वाचून शिकावे लागले नाही.

येथे नाशिककरास एक आठवण झाल्यावाचून राहत नाही. सानेगुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मूल कशाने घडते ह्याविषयी मराठीत आजवर सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक चार भिंतींच्या आत लिहिले गेले, आणि त्यातला प्रत्येक प्रसंग सांगतो तो घराविषयी. श्यामही खोटे बोलतो, हट्ट करतो, चुकतो. पण प्रत्येक चुकीनंतर त्याला परत यावयास घर असते आणि दारात त्याची वाट पाहणारे एक माणूस असते. ज्या मुलास असे घर नाही, किंवा असून नसल्यासारखे आहे, त्याचे घर सावरावयाचे की त्याला दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवावयाचे, हा बालन्यायाचा मूळ प्रश्न आहे.

आता मापाकडे वळू. आरंभापासून संस्थांस मिळणारी मदत बहुशः दरडोई ठरत आली: गृहात जितकी मुले, तितक्या पटीने पैसे. ह्या पद्धतीचे गुण उघड आहेत. हिशेब सोपा, लबाडी पकडणे त्यामानाने सुलभ, आणि जेथे मुले अधिक तेथे मदत अधिक, हे न्याय्यही दिसते. दोष लपलेला आहे तो असा. समजा, एका गृहात पन्नास मुले आहेत. तेथील अधीक्षक कर्तबगार आहे. त्याने खटपट करून वीस मुलांच्या घरांचा शोध लावला, आईबापांची समजूत घातली, कोणास शाळेत तर कोणास कामावर लावून दिले आणि त्या मुलांस घरी पाठविले. मुलांच्या दृष्टीने ह्याहून मोठे यश नाही. परंतु दरडोई हिशेबात संस्थेचे दोन पंचमांश उत्पन्न त्या दिवशी बुडाले. स्वयंपाकीण तीच, पहारेकरी तोच, भाडे आणि दिवाबत्ती तीच. शेजारच्या दुसऱ्या गृहाचा अधीक्षक काहीच करीत नाही. त्याची पन्नास मुले पन्नासच राहतात, आणि त्याचा जमाखर्च मात्र बरोबर जुळतो. अशा स्थितीत पहिला मनुष्य पुन्हा तीच खटपट करील ती केवळ आपल्या सद्भावनेच्या बळावर. आणि सद्भावनेला दर वर्षी दंड करणारी व्यवस्था फार काळ सद्भावनेवर चालत नाही.

ह्याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की जे काम 'डोकी' म्हणून मोजता येत नाही त्याच्या वाट्यास सर्वांत कमी येते. परिविक्षा अधिकाऱ्याने चार फेऱ्या मारून मुलाच्या दारुड्या बापास आवरले, शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे हात जोडून मुलाचे नाव पुन्हा पटावर घातले, ह्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? १९२४ च्या कायद्याने जे अनेक मार्ग खुले ठेवले होते, त्यांतला इमारतीचा मार्गच सरकारी वहीत ठळक दिसत राहिला. मुंबई राज्याने १९४८ साली नवा बालक-कायदा केला, केंद्राने १९५८ साली परिविक्षेचा कायदा सर्व देशासाठी केला. जिल्ह्याजिल्ह्यांत परिविक्षा व अनुरक्षण संघटना निघाल्या आणि निरीक्षणगृहे चालवू लागल्या. 'अनुरक्षण' म्हणजे सुटलेल्या मुलाची पाठराखण. नावात ते अर्धे काम आहे. पैशाच्या वाटणीत त्याला तेवढी जागा कधी मिळाली नाही.

मदतीच्या मापाबरोबर मदतीचा हेतूही तपासून पाहावा लागतो, ह्याचे एक दुःखद उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. १८७१ चा आणि नंतर १९११ चा 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा हा सुधारणेच्या नावानेच पुढे आला. १९११ च्या कायद्याने मुलांस आईबापांपासून काढून औद्योगिक शाळांत ठेवण्याचीही मुभा सरकारास दिली. सोलापूर आणि इतर ठिकाणी तारांच्या कुंपणात वसाहती झाल्या. त्यांपैकी काही चालविण्यास मिशनरी संस्थांचे साह्य घेण्यात आले. तेथे शाळा होत्या, गिरणीत काम होते, काही अधिकारी मनाने चांगलेही होते. पण ज्या मुलाने काहीच केले नव्हते तेही जन्मतःच गुन्हेगार म्हणून मोजले जात होते. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. सुधारणेसाठी खर्च झालेला प्रत्येक रुपया सुधारणा करतोच असे नाही. तो कुंपणही घालू शकतो.

हे माप अटळ आहे काय? परदेशातले एक उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९६५ साली परिविक्षेस साहाय्य देणारा एक कायदा झाला. गुन्हेगार आणि बालगुन्हेगार ह्यांना राज्याच्या बंदिस्त संस्थांत धाडण्याचे काम तेथील जिल्हे करीत; त्यांचा खर्च मात्र राज्य सोशी. साहजिकच जिल्ह्यास मुलगा दूर पाठविणे फुकटात पडे आणि जवळ ठेवून सुधारणे महागात. राज्याने हिशेब उलटा केला. पूर्वीच्या सरासरीपेक्षा जितके लोक कमी पाठवाल, त्या प्रत्येकामागे ४,००० डॉलरपर्यंत रक्कम जिल्ह्यास मिळेल आणि ती परिविक्षेचे काम वाढविण्यावर खर्च करावी, असा नियम केला. संस्थांत येणाऱ्यांची संख्या उतरली. योजनेत दोषही होते: रक्कम महागाईबरोबर वाढली नाही, पोलिसांची कुरकुर चालू राहिली, आणि १९७८ मध्ये तिच्या जागी दुसरी पद्धत आली. परंतु पैशाचे माप बदलले की माणसांची वागणूक बदलते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. १९७४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने बालन्यायासाठी राज्यांस अनुदान देताना त्याला अटी जोडल्या. केवळ शाळा चुकविली किंवा घरून पळाला म्हणून मुलास कोंडू नये, आणि मुलांस प्रौढ कैद्यांच्या सहवासात ठेवू नये, ह्या त्यांतल्या मुख्य होत. ज्या राज्यास पैसा हवा असेल त्याने मुलास तुरुंगापासून दूर ठेवावे, असा तो सौदा होता.

आपल्याकडे हा धडा न्यायालयाच्या वाटेने आला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे ह्यांनी तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ साली न्यायालयाने बजावले, की मुलास तुरुंगात ठेवता कामा नये, आणि निरीक्षणगृहात पुरेशी जागा नसेल तर मुलास जामिनावर सोडावे. म्हणजे पैशाची टंचाई ही सरकारची अडचण आहे. तिची शिक्षा मुलाने भोगू नये. त्याच वर्षी संसदेने बालन्यायाचा पहिला राष्ट्रव्यापी कायदा केला. १९९२ साली भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेस मान्यता दिली. २००० च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांचीही वयोमर्यादा अठरा वर्षे केली. आणि 'बालगुन्हेगार' ह्या शब्दाच्या जागी सरकारी मराठीत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा काहीसा अवघड, पण अधिक न्यायी शब्द आला. २०१५ च्या कायद्याने तर संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत सांगितले.

पैशाच्या बाजूस २००९ साली केंद्राने एकात्मिक बालसंरक्षण योजना सुरू केली. तिचेच रूप २०२१-२२ पासून 'मिशन वात्सल्य' ह्या नावाने चालू आहे. बहुतेक राज्यांत खर्चाचा ६० टक्के भाग केंद्र आणि ४० टक्के भाग राज्य उचलते. पन्नास मुलांचे गृह हे एक एकक धरून कर्मचाऱ्यांचा पगार आणि मुलांचा निर्वाह ह्यांचा हिशेब वेगळा मांडल्यामुळे जुन्या दोषाची धार थोडी बोथट झाली आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मूल स्वतःच्या किंवा नातलगाच्या घरीच राहावे म्हणून त्या घरास पैसे देण्याची तरतूद ह्या योजनेत आहे. ही रक्कम पूर्वी दरमहा २,००० रुपये होती, ती ४,००० करण्यात आली. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना ह्याच विचाराची. तिच्यातील दरमहा रक्कम ४२५ रुपयांवरून १,१०० झाली आणि २०२३ पासून २,२५०. इमारतीतील मुलाऐवजी घरातील मूल मोजावयास सरकारी वहीने येथे प्रारंभ केला आहे. आजीजवळ राहणाऱ्या पोरक्या नातवास हे पैसे वेळेवर मिळाले, तर तो उंटवाडीच्या दाराशी कधी येणारच नाही, असा संभव पुष्कळ. मात्र 'वेळेवर' ह्या शब्दावर सारे अवलंबून आहे. सहा महिन्यांनी एकदम आलेली रक्कम उधारी फेडते. मूल शाळेत टिकविते ते दर महिन्यास येणारे पैसे.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. आमच्या इंदिरानगरासारख्या वसाहतींतून तो वरचेवर ऐकू येतो. मुलांच्या हातून होणारी कृत्ये आता किरकोळ राहिली नाहीत. ज्याचे रक्त सांडले त्याच्या घरच्यांना न्याय नको काय? आक्षेप पोकळ नाही. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर जो क्षोभ झाला त्यातूनच २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केल्यास त्याची प्राथमिक छाननी करून त्यास प्रौढाप्रमाणे न्यायालयापुढे उभे करण्याची वाट ठेवण्यात आली. त्या तरतुदीविषयी दोन मते आहेत आणि राहतील. परंतु कठोरातला कठोर वाचकही एवढे मान्य करील, की असा मुलगा कधीतरी बाहेर येणार आहे आणि आपल्याच रस्त्याने चालणार आहे. तो कसा बाहेर येतो ह्यातच वसाहतीची सुरक्षितता आहे. शिवाय चाकू हाती घेणारे मूल पहिल्या दिवशी चाकू घेत नाही. आधी त्याची शाळा सुटलेली असते, मग घर सुटते, मग किरकोळ चोरी होते. आणि ह्या प्रत्येक पायरीवर १९२४ पासूनच्या कायद्यांनी त्याला अडविण्याचा काही ना काही मार्ग सांगून ठेवला आहे. त्या मार्गावर उभा करावयाचा मनुष्य मात्र नेमलेला नसतो, किंवा एकास दहांचे काम दिलेले असते. जरब बसविण्यास आपण पैसा मागतो तो शेवटच्या पायरीसाठी. पहिल्या पायरीवरचा खर्च त्याहून पुष्कळ कमी आहे.

अनुदानाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट घडून गेली, आणि तिचा दोष सरकारवर ढकलता येत नाही. सरकारी पैसा येऊ लागला तसे नागरिक मागे सरले. ससूनांचे दान, प्रार्थनासमाजाची तळमळ, न्यायालयात विनावेतन बसणाऱ्या स्त्रिया ह्यांनी ज्या कामाचा पाया घातला, ते काम 'सरकार पाहून घेईल' असे म्हणून सुशिक्षित मध्यमवर्गाने हळूहळू सोडून दिले. वास्तविक आजही कायद्याने बालन्याय मंडळात एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्त्यांची, त्यांत एका स्त्रीची, जागा ठेवली आहे. ह्या जागा रिकाम्या राहतात, ही तक्रार इतकी वाढली की २०१८ साली सर्वोच्च न्यायालयास त्यांत लक्ष घालून उच्च न्यायालयांस देखरेख करण्यास सांगावे लागले. आपल्या मुलांच्या शिकवणीसाठी महिन्याकाठी हजारो रुपये खर्च करणाऱ्या आणि निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा ह्या विवंचनेत असणाऱ्या समाजात दोन कार्यकर्ते न मिळावेत, हे अनुदानाच्या तुटपुंजेपणाचे लक्षण नव्हे.

ह्या साऱ्यातून निष्पन्न होते ते थोडक्यात असे. सरकारने पैसा द्यावा, समाजाने संस्था चालवावी आणि कायद्याने दोघांवर नजर ठेवावी, हा जो मेळ मुंबईने १९२७ साली घातला तो चांगला होता आणि आजही टाकाऊ नाही. त्यात दुरुस्त करावयाचे ते मोजण्याचे माप. गृहात किती मुले आहेत ह्याबरोबरच गृहातून किती मुले घरी परतली, परतलेल्यांपैकी किती वर्षानंतरही शाळेत वा कामावर टिकून आहेत, आणि किती मुलांस दाराशी येण्याची पाळीच आली नाही, हे ज्या दिवशी सरकारी वहीत पैशाशी जोडले जाईल, त्या दिवशी पहिल्या अधीक्षकाच्या सद्भावनेस दंड होण्याचे थांबेल. ह्यासाठी नव्या कायद्याची जरूर नाही. आहे त्याच कायद्याने सांगितलेला अखेरचा उपाय अखेरीस आणि आधीचे उपाय आधी, एवढा क्रम पैशाच्या वाटणीत उतरावयास हवा.

संध्याकाळी उंटवाडीच्या रस्त्यावरून परतताना वाहनांची गर्दी असते. दुकानांचे दिवे लागलेले असतात. त्या गर्दीत उजेड नसलेल्या एखाद्या कुंपणाकडे कोणाचे लक्ष जावे, अशी अपेक्षा करता येत नाही. पण आत बसलेल्या मुलाचे लक्ष बाहेर असते. आज कोणी भेटावयास आले काय, आणि आपल्याला घरी कधी सोडणार, ह्या दोनच गोष्टी त्याला विचारावयाच्या असतात. त्या प्रश्नांची उत्तरे देणारा मनुष्य तेथे असावा आणि त्याच्या कामास वहीत एक रकाना असावा, एवढी मागणी पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासानंतर अवाजवी ठरू नये.